सात डिसेंबरचा सातबारा

सांगली-कोल्हापूरकडे मोटारपंप, पाइप आणि ठिबकचं सामान विकणारी कुठलीही बऱ्यापैकी पेढी घ्या. तिथे हल्ली एक दिवस असा उगवतोच, की मालकांचा इंजिनिअर झालेला मुलगा 'सीआरएम' घ्यायचं मनावर घेतो. सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांची सगळी कुंडली एका जागी मांडणारं सॉफ्टवेअर: कोण, कुठला, काय नेलं, कधी नेलं, पुन्हा कधी फोन करायचा. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन डेमो द्यायला येतो. त्याच्या डेमोतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नाव, एक आडनाव, एक मोबाइल आणि एक ईमेल असतो, आणि उधारी कुणाचीच नसते. पडद्यावर रंगीत चकत्या फिरतात, आलेख वर चढतो, मालक मान डोलावतात. चहा संपता संपता तो माणूस बॅग भरत म्हणतो, "तुमचा डेटा तेवढा क्लीन करून एक्सेलमध्ये द्या, बाकी आम्ही बघतो." बाकी काही उरलेलंच नसतं, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. मग हे काम सोपवलं जातं गेल्या महिन्यात लागलेल्या पोराकडे, कारण त्याला कॉम्प्युटर येतो. माझं म्हणणं एवढंच, की ही निवड साफ उलटी आहे. यादी साफ करायला पेढीतला सगळ्यांत जुना माणूस बसवायला हवा, आणि आपण बसवतो सगळ्यांत नवा.

ती यादी एकदा जवळून बघायला हवी. फाइलीचं नाव 'गिऱ्हाईक फायनल नवीन २ (हीच खरी)' असं काहीतरी असतं. पहिल्या रकान्यात नावं: 'पाटील बोरवेल', 'पाटील (दोन मोटारी)', 'पाटील आबा, मुलाशी बोलणे', 'तात्या कॅनॉलवाले', 'सरपंच (माजी)', 'पाटील, याला देऊ नये', आणि त्याच्याच खाली तीन ओळींवर 'पाटील, दिला तरी चालेल'. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात 'बिल आल्यावर', 'जावयाला विचारणे', 'दुपारी फोन नको' अशा नोंदी. काही ओळी पिवळ्या रंगवलेल्या, काही फिक्या लाल. नव्या पोराला सॉफ्टवेअर कंपनीनं एक नमुना तक्ता दिलेला असतो आणि त्यात कंस, स्वल्पविराम असलं काही नावात चालणार नाही असं बजावलेलं असतं. तो इमानेइतबारे कंस काढतो. कंस गेल्यावर 'पाटील (दोन मोटारी)' आणि 'पाटील (कॅनॉलजवळ)' हे दोघंही नुसते पाटील उरतात. मग एकच नाव दोनदा आलंय म्हणून त्यातला एक उडवला जातो. कुठला, ते त्या दिवशीच्या कर्सरच्या मर्जीवर. शेऱ्याला नमुन्यात जागाच नसते, म्हणून तो अख्खा रकाना गळतो. रंगांचं तर बोलायलाच नको. फाइल सीएसव्ही करून द्यायची असते, आणि सीएसव्हीत नुसती अक्षरं आणि स्वल्पविराम जातात, रंग जात नाहीत. पिवळा म्हणजे थकबाकी आणि लाल म्हणजे रोखीशिवाय माल नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फाइल 'क्लीन' झाली त्या दिवशी चोख गिऱ्हाईक आणि बुडवे, दोघंही एका रांगेत पांढरेशुभ्र होऊन उभे राहतात. पोरानं चूक काहीच केली नाही. सांगितलं ते केलं. पेढीची निम्मी अक्कल कंसात होती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरगा चुकला तर त्याला निदान रागावता येतं. एक्सेलला रागावूनही उपयोग नाही, कारण ते चुकतं तेव्हा मदत करत असतं. शेतकऱ्याच्या पत्त्यात गट नंबर १२/३ लिहिला, की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं: १२ मार्च. एखाद्यानं कागदपत्रांच्या रकान्यात नुसतं ७/१२ लिहिलं, तर संगणकाची मांडणी भारतीय असेल तर त्याचा ७ डिसेंबर होतो, अमेरिकन असेल तर १२ जुलै. ज्या सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून घराण्याच्या दोन पिढ्या तलाठ्याच्या दारात झिजल्या, तो एका एंटरमध्ये सणवार होऊन बसतो. लँडलाइनचं सुरुवातीचं शून्य गायब होतं, आणि मोबाइल नंबर रकाना अरुंद असेल तर ९.८ ई अधिक ०९ अशा वेशात दिसतो. हे खेडवळ पेढीचं अज्ञान समजू नये. 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा नावांची जनुकं एक्सेलनं तारखा करून टाकली आणि जगभरचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्या तशाच छापत राहिले. २०१६ सालच्या एका पाहणीत एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचवा हिस्सा असा बाटलेला निघाला. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये ही सवय बंद करायची सोय आली ती त्यानंतर, २०२३ मध्ये. त्याच २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाबाधितांच्या जवळपास सोळा हजार नोंदी आकडेवारीतून निसटल्या, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी फाइलीनं तोंडातून अवाक्षर न काढता सोडून दिल्या होत्या. या चुकांना आवाज नसतो. तिथे काय असायला हवं होतं हे ज्याला आधीपासून माहीत आहे, त्यालाच त्या दिसतात. नव्या पोराला '१२ मार्च' हा पत्ता चालून जातो आणि सांगलीचा पिन कोड ४१६४१६ मात्र टायपिंगची चूक वाटतो. पेढीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाचं, म्हणजे दिवाणजींचं, बरोबर उलटं असतं.

यावर मालकांच्या मुलाचं उत्तर तयार असतं: दुबार नावं सॉफ्टवेअर स्वतःच शोधतं, उच्चारावरूनसुद्धा. शोधतं खरं. उच्चारावरून नावं जुळवायच्या पद्धतींचा मूळपुरुष म्हणजे 'साउंडेक्स'. १९१८ साली त्याचं पेटंट अमेरिकेत निघालं आणि आजही ओरॅकल, मायएसक्यूएल अशा मोठमोठ्या डेटाबेसमध्ये ते तयार मिळतं. नियम सोपा आहे. नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, पुढच्या व्यंजनांना ठरलेले आकडे द्यायचे आणि तीन आकड्यांवर थांबायचं. हा नियम आपल्या आडनावांना लावून बघावा, करमणूक आहे. पाटील आणि पटेल दोघांनाही पी-३४० मिळतो, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबी ते एकच. जोशी आणि जोग दोघंही जे-२००. केळकर आणि कुलकर्णी के-४२६ वर गळ्यात गळे घालून उभे. पुण्यात हे कुणी जाहीरपणे सांगू नये, सदाशिव पेठेत दोन्हीकडून नोटिसा येतील. उलट एकच क्षीरसागर एकदा 'के'नं आणि एकदा 'एक्स'नं लिहिला, तर पहिलंच अक्षर वेगळं पडल्यामुळे त्यांची या जन्मी भेट नाही. आताच्या पद्धती याहून पुष्कळ हुशार आहेत हे मान्य. आता एआय आहे, तो तर 'जावयाला विचारणे' हा शेरा वाचून जावयाशी बोलायची नम्र शैलीही सुचवेल. पण कुठला जावई? धाकट्याशी या घराचं बोलणं नाही आणि थोरला पुण्याला असतो, ही माहिती कुठल्याच फाइलीत नाही. जी गोष्ट लिहिलेलीच नाही, ती वाचून दाखवायची युक्ती अजून निघालेली नाही.

मग नावांचा नाद सोडा आणि नंबरावर जा, असं दुसरं उत्तर येतं. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं आहे, आणि व्यापारी गिऱ्हाइकांपुरतं मला ते मान्यही आहे. जीएसटीचा नंबर १५ अक्षरांचा. त्यातली पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०) आणि पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर माणसाची जातकुळी सांगतं: 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म, 'सी' म्हणजे कंपनी, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. इतकी शिस्तशीर खूण दुसरी नाही. पण शिस्त कागदाची असते. पॅनवर 'एच' आहे आणि अंगणात मधोमध भिंत आहे, थोरला भाऊ मिरजेतून माल नेतो, धाकटा ऐन हंगामात त्याच खात्यावर नेऊन बिल थोरल्याकडे पाठवतो, आणि थोरला ते भरत नाही. आता हे गिऱ्हाईक एक धरायचं की दोन? आयकर खात्याच्या लेखी एक. वसुलीला जाणाऱ्याच्या लेखी दोन, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी जाऊन भेटायचे दोन. शिवाय पेढीचं निम्मं गिऱ्हाईक शेतकरी. आपल्या रानातला माल विकायला त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणून तो रकाना रिकामाच. राहिला मोबाइल. वाडीवरच्या पाच जणांनी एकाच दूध संकलनवाल्याचा नंबर दिलेला असतो, कारण तो फोन उचलतो. सॉफ्टवेअर मोबाइलला ओळख मानणारं असेल, तर त्या पाचांचा एकच माणूस होतो: पाच मोटारी, सात गट नंबर आणि पाच घरची उधारी असलेला. असं गिऱ्हाईक पडद्यावर 'व्हीआयपी' म्हणून सोनेरी झळकतं.

सगळ्यांत घातक वस्तू म्हणजे रकान्याशेजारची लाल चांदणी. ही जागा भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं ती सांगते. पुढे तर जायचंच असतं. मग ज्याच्याकडे ईमेल नाही त्याला पेढीचाच ईमेल चिकटवला जातो आणि दर महिन्याला पेढी स्वतःलाच ऑफर पाठवते. जन्मतारीख सक्तीची केली तर आणखीच बहार. आपल्याकडे एका पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती बसवली. वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जायची सोय चालू केली की १ जूनला सकाळी अर्ध्या तालुक्याला पेढीचा केक येतो, चित्रातला. पैसे द्यायची मुदत हाही असाच रकाना. पर्याय ३०, ४५ किंवा ६० दिवस. उसाच्या पट्ट्यात खरी मुदत एकच असते, कारखान्याचं बिल जमा होईल तेव्हा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत. आदेश काय म्हणतो आणि कारखाना काय करतो यांतलं अंतर मोजणारा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. नवा पोरगा तिथे ३० टाकून मोकळा होतो आणि चाळिसाव्या दिवशी यंत्र वीस वर्षांच्या चोख गिऱ्हाइकाला 'आपले खाते थकीत आहे' असा निरोप धाडतं. 'बिल आल्यावर' हा शेरा ज्या हातानं लिहिला, त्या हाताला विचारलं असतं तर ही नामुष्की टळली असती.

मेलेल्या गिऱ्हाइकांचं काय करायचं, हा प्रश्न सफाईच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत एका ओळीत निकालात काढलेला असतो: काढून टाका. तर्काला धरूनच आहे. पण आबांच्या नावाचं खातं आबांच्या माघारी तीन मुलं चालवतात, आणि त्यातला एकही ते आपल्या नावावर करून घ्यायला तयार नसतो. कारण पत आबांची आहे. आबांच्या खात्यावर पाइपांचं अख्खं बंडल शब्दावर मिळतं, मुलाच्या खात्यावर कोपरसुद्धा रोखीनं घ्यावं लागतं. त्यामुळे आबा हे पेढीचं सगळ्यांत चालतं गिऱ्हाईक आहे, फक्त हयात नाही. नुसतं काढलं तर धंदा तुटतो, आणि तसंच ठेवलं तर कधीतरी थकबाकीचा दावा कुणावर लावायचा हा पेच पडतो. तिघांना बोलावून, चहा पाजून, आबांचा मान राखून ते खातं हळूच थोरल्याच्या नावावर वळवणं, हे या कामाचं खरं स्वरूप. त्याला डेटा क्लीनिंग म्हणतात हे दिवाणजींना माहीत नसतं. ते आयुष्यभर तेच करत आलेले असतात.

एक आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो: आत्ता सगळंच्या सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतू, साफ नंतर करू. हा 'नंतर' उगवत नाही हे सोडून द्या, यात हिशोबाचाही घोळ आहे. जुनी बिलं जपायलाच हवीत. जीएसटी कायदा वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागद ठेवायला सांगतो. पण बिलं टॅलीत आहेत आणि तिथेच सुखरूप आहेत. नव्या घरात न्यायची ती माणसं. ज्यानं दहा वर्षांत एक बुचसुद्धा नेलं नाही, त्याचं नाव, पत्ता आणि नंबर कवटाळून बसायला आता कायद्याचाही पाठिंबा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं होणार आहे. काम संपलं की माहिती पुसा, दुसरा कायदा ठेवायला सांगत असेल तेवढीच ठेवा, असं तो म्हणतो. हे आपल्या पेठांना नवीन नाही. दिवाळीला नवी वही पुजायची, मग जुन्या खतावणीतून बाक्या पुढे ओढायच्या, ही रीत कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. त्यात ज्याचं येणं-देणं शिल्लक त्याचंच पान नव्या वहीत उघडत असे, बाकीचे जुन्या वहीत विश्रांती घेत. आणि हे काम उमेदवार पोराला देत नसत. बाक्या ओढायला दिवाणजी बसत आणि मालक शेजारी बसत.

खरा दमदार आक्षेप दिवाणजींवरच आहे. एक तर त्यांना कॉम्प्युटर येत नाही. हे मी आक्षेपात धरत नाही. टाइप करायला तो नवा पोरगा आहेच, नाहीतरी त्याला दुसरं काय काम आहे? दुसरं म्हणजे ते सांगणार नाहीत. पिवळ्या रंगाचा अर्थ एकट्या आपल्याला ठाऊक असणं ही त्यांची भविष्य निर्वाह निधीपेक्षा भरवशाची ठेव आहे. ती सॉफ्टवेअरमध्ये जमा केली की उद्या आपल्याला नारळ मिळणार, हे ओळखायला त्यांना कुठल्या डेमोची गरज नसते. मालकांनी ही भीती खोटी म्हणून झटकू नये, कारण पुष्कळ ठिकाणी ती खरी ठरलेली आहे. त्यांना आधी पगाराचं आणि पदाचं स्पष्ट सांगावं, या कामाचे वेगळे पैसे द्यावेत आणि कुठलंही नाव त्यांच्या होकाराशिवाय पुसलं जाणार नाही असं ठरवावं. माहिती काढून घ्यायची तर तिची किंमत मोजावी, एवढा धंदा पेढीला येतोच. तिसरं, आणि हे मात्र पूर्ण खरं: दिवाणजींचे शेरे सगळेच ज्ञानाचे नसतात, काही रागाचे असतात. 'याला देऊ नये' यामागे बुडवलेला पैसा असेल, किंवा कधीकाळच्या लग्नात पंगतीला बोलावलं नाही हेही असेल. म्हणून मालकांनी स्वतः शेजारी बसायचं आणि अशा प्रत्येक ओळीला 'का?' विचारायचं. नवा कायदा गिऱ्हाइकाला आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारायचा हक्क देतो. तेव्हा 'महाबिलंदर' याऐवजी 'रोखीचा व्यवहार' असं लिहिण्यात शहाणपण आहे, अर्थ तोच पोचतो. वेळ जाईल, हे कबूल. पण पेढीची सगळी गिऱ्हाइकं एकेक करून डोळ्यांखालून घालायला मालकांना याआधी फुरसत कधी झाली होती? या बैठकीतून सॉफ्टवेअर न घेताही पेढीचा फायदा झालेला असतो, आणि सॉफ्टवेअर विकणारा ते सांगत नाही यात नवल नाही.

तेव्हा मालक, येत्या पाडव्याला नवं सॉफ्टवेअर सुरू करायचा विचार असेल, तर ॲडव्हान्सचा चेक देण्याआधी एवढं करा. गट नंबराचा आणि मोबाइलचा रकाना 'टेक्स्ट' करून घ्या, रंगांचे अर्थ शब्दांत लिहून घ्या, शेऱ्यासाठी एक मोठा रकाना कंपनीकडून भांडून मागून घ्या, आणि लाल चांदण्या जेवढ्या काढता येतील तेवढ्या काढायला लावा. मग दिवाणजींना कॉम्प्युटरसमोरची चांगली खुर्ची द्या, पोराला बाजूचं स्टूल द्या. आणि दिवाणजी या मार्चला निवृत्त होणार असतील, तर आधी यादी, मग निरोपसमारंभ.